फरक पडत नाही हे तीनदा सांगावं लागत असेल तर

माझा एक मित्र आहे, कॉलेजपासूनचा. मागे खूप दिवसांनी भेटलो तर बसल्या बसल्या म्हणाला, मी आता लोकांच्या अपेक्षांचा विचार करणंच सोडून दिलंय, काय शांत वाटतं म्हणून सांगू तुला. मी म्हटलं वा, छान. अर्ध्या तासाने परत तेच, आणि यावेळी त्याच्या बहिणीने काय टोमणा मारला होता आणि त्याचा ह्याच्यावर कसा शून्य परिणाम झाला ते अगदी शब्दन्‌शब्द. मग निघताना दारात बूट घालता घालता तिसऱ्यांदा. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, की ज्याला खरंच फरक पडत नाही त्याला बहिणीचं वाक्य आठ महिन्यांनंतर जसंच्या तसं कसं काय आठवतं?

त्याची टिंगल करत नाहीये. मी स्वतः दोन-अडीच वर्षं ह्याच बोटीत होतो. फोन उचलायचे नाहीत, फॅमिली ग्रुप म्यूट, कुणी काही सुचवलं की "बघू" म्हणून विषय संपवायचा, आणि स्वतःला सांगायचं की आपण सुटलो. दिवसा सुटलेलो असायचो. रात्री पडल्या पडल्या डोक्यात सगळ्यांना उत्तरं देणं चालू असायचं, एकेकाला गाठून, मुद्देसूद, आणि त्या काल्पनिक भांडणात मी दरवेळी जिंकायचो, तरी झोप काही यायची नाही.

म्हणून हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, की लोकांच्या अपेक्षांची पर्वा सोडा म्हणजे मनःशांती मिळेल, त्याबद्दल मला जरा भांडायचंय. सल्ला साफ खोटा आहे असं नाही म्हणत मी. पण त्यात औषध कुठलं आणि वेष्टन कुठलं ह्याची गल्लत आहे.

आधी हे बघा की पर्वा सोडणं जमतं तरी का. मार्क लिअरी नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली नेमकं हेच तपासलं. दोन प्रकारची माणसं निवडली, एक जी म्हणतात आम्हाला लोकांच्या मताने फरक पडतो आणि दुसरी जी छातीठोक सांगतात की आम्हाला अजिबात पडत नाही. मग त्यांना स्वतःबद्दल बोलायला लावलं आणि ऐकणाऱ्याला ते आवडतंय की नावडतंय हे त्यांना कळवत गेले. नावडतंय म्हटल्यावर दोन्ही गटांचं स्वतःबद्दलचं मत सारखंच खाली आलं. म्हणजे फरक न पडणारे लोक खोटारडे होते असं नाही, त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्याला फरक पडत नाही, फक्त ते खरं नव्हतं.

ह्याहून गमतीशीर प्रकार मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स ह्यांच्या प्रयोगांचा. कॉम्प्युटरवर साधा चेंडू फेकायचा खेळ, तुम्ही आणि बाकी दोघं, थोडा वेळ चेंडू येतो आणि मग ते दोघं आपापसातच खेळत राहतात, तुमच्याकडे टाकतच नाहीत. बस, एवढंच. काही मिनिटांत माणसाचा मूड पडतो, आपण कुणीच नाही असं वाटायला लागतं. 2004 च्या प्रयोगात लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की समोर माणसं नाहीतच, कॉम्प्युटर खेळतोय, तरी लागलं. 2007 मध्ये तर असं सांगितलं की खेळातून वगळणारे लोक कू क्लक्स क्लान ह्या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत, म्हणजे ज्यांच्याशी कुणी शहाणा माणूस ओळखही ठेवणार नाही, आणि तरीही लागलं! आता मला सांगा, जे मन मशीनने चेंडू टाकला नाही म्हणून हिरमुसतं त्याला तुम्ही एका सुविचारावर विसंबून सांगणार की सख्ख्या आईच्या नाराजीकडे लक्ष देऊ नकोस.

लिअरींनी ह्या सगळ्यासाठी एक उपमा वापरलीय, पेट्रोलच्या काट्याची. स्वतःबद्दल बरं-वाईट वाटणं म्हणजे तो काटा, टाकीत काय आहे ते दाखवणारा, आणि टाकीत असतं आपलं माणसांमधलं स्थान. मला ही उपमा पटते, कारण काट्यावर चिकटपट्टी लावणाऱ्या माणसांमध्ये मी राहिलेलो आहे. चिकटपट्टी लावली की काटा दिसत नाही, शांत वाटतं, आणि गाडी मग जिथे बंद पडायची तिथे पडतेच.

बरं, हा सल्ला देणारे हमखास ती बापलेक आणि गाढवाची गोष्ट सांगतात. बाप बसला तर लोक बोलतात, पोरगा बसला तर बोलतात, दोघं बसले तरी बोलतात आणि कुणीच नाही बसलं तर हसतात. तात्पर्य काय तर लोक बोलणारच, तुम्ही हवं ते करा. गोष्ट चांगलीच आहे. पण त्या रस्त्यावर बोलणारे लोक कोण होते? सगळे वाटेवरचे. एकाचाही त्या बापाशी, त्या पोराशी किंवा गाढवाशी काडीचा संबंध नव्हता. त्या रस्त्यावर पोराची आई भेटली असती आणि म्हणाली असती की अहो पोराचा पाय दुखतोय, त्याला बसवा, तर "लोक काय बोलणारच" असं म्हणून तो बाप पुढे गेला असता तर आपण त्याला शहाणा म्हटलं असतं का? गोष्टीत ती आई नाही म्हणून गोष्ट सोपी आहे.

आपल्या आयुष्यात मात्र बघे आणि हक्काची माणसं एकाच रस्त्यावर उभी असतात आणि "लोक" ह्या एकाच शब्दात दोघंही येतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

बघ्यांचं म्हणाल तर त्यांना खुशाल सोडा, माझी काही हरकत नाही. मुळात ते आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं बघतच नसतात. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली छापलेला प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला लाजिरवाणा टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी पाहिला असेल, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाने पाहिला होता. आणि लोकांच्या अपेक्षा म्हणून आपण जे डोक्यावर घेऊन फिरतो त्यातलं बरंचसं तर कुणाचंच नसतं. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर ह्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, 1993 ला प्रसिद्ध झाला. कॅम्पसवरच्या दारू पिण्याबद्दल बहुतेकांना आतून थोडं अवघड वाटत होतं आणि त्यांना वाटत होतं की बाकीच्यांना ते एकदम ओके आहे. म्हणजे सगळे मिळून एका अपेक्षेला घाबरत होते जी फारशी कुणाची नव्हतीच. ऑफिसमध्ये सगळे उशिरापर्यंत का बसतात ह्याचं उत्तर मला तरी त्या अभ्यासात सापडलं.

तर बघे गेले. आता हक्काच्या माणसांचं काय?

इथे मला जरा थांबायचंय कारण ह्यावर कुणी बोलत नाही. अपेक्षा ही हवेत तरंगणारी गोष्ट नसते, बऱ्याच अपेक्षांच्या मागे एक काम असतं, करायचं राहिलेलं. घरात आजारी माणूस आहे, तीन भावंडं आहेत. त्यातल्या एकाला एके दिवशी साक्षात्कार होतो की आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपेक्षा पूर्ण करत आलो, आता बास, आता स्वतःसाठी जगायचं. ठीक. पण औषधांच्या वेळा काही त्या साक्षात्काराने बदलत नाहीत. डॉक्टरकडे कुणीतरी न्यायचंच असतं, रात्री कुणीतरी उठायचंच असतं. ते कुणीतरी मग घरातलं दुसरंच कुणी होतं, बहुतेक वेळा बहीण नाहीतर सून, जिला हा सल्ला कुणी दिलेला नसतो आणि दिला असता तरी परवडला नसता. मी एक असं घर जवळून पाहिलंय. तिथला शांत झालेला माणूस खरंच शांत दिसायचा, चेहऱ्यावर तेज वगैरे, भेटायला येणारे त्याच्याकडे बघून म्हणायचे किती समाधानी आहे हा. आणि त्याची बहीण चिडचिडी, तिला लोक म्हणायचे जरा मेडिटेशन कर.

त्या घरात नक्की किती शांती तयार झाली? माझ्या हिशोबाने काहीच नाही. एकाच्या अंगावरचं टेन्शन उचलून दुसरीच्या अंगावर ठेवलं एवढंच.

अजून एक, हा सल्ला देणारे कोण असतात तेही बघा. ज्याचं नाव झालंय, पैसा आलाय, ज्याला नोकरीवरून काढणारं कुणी नाही, तो सांगतो की मी लोकांची पर्वा करत नाही. अरे तुला गरजच नाहीये! तुझ्या वाटची पर्वा बाकीचे करतात. बॉसने मीटिंगला उशिरा येणं आणि ट्रेनीने उशिरा येणं ह्यात बेफिकिरी सारखीच असते, बिल वेगवेगळं येतं.

आता दुसऱ्या बाजूचं बोलतो, नाहीतर मी एकदम संस्कारवर्ग चालवतोय असं वाटेल. अपेक्षांचं ओझं खरं आहे आणि ते वाढलंय. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल ह्यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41,641 विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 ह्या काळातली उत्तरं एकत्र करून पाहिली, तर "बाकीचे माझ्याकडून परफेक्ट असण्याची अपेक्षा करतात" ह्या भावनेचे गुण 33 टक्क्यांनी वाढलेले दिसले. स्वतःच स्वतःकडून ठेवलेल्या अपेक्षा वाढल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. पोरं उगाच रडत नाहीयेत. आणि अशीही घरं असतात जिथे अपेक्षा हे नुसतं नाव असतं आणि आत सरळ छळ असतो, मारहाण, पैशाची पिळवणूक, कुणाशी बोलायचं कुणाशी नाही ह्यावर पहारा. अशा ठिकाणी माणसाने पर्वा सोडावी, दारही सोडावं, आणि मागे वळून बघू नये, तिथे मी ह्या लेखातला एकही मुद्दा लावणार नाही.

पण बहुतेकांची घरं तशी नसतात ना. बहुतेकांचा प्रॉब्लेम असा की समोरची माणसं वाईट नाहीत, त्यांची अपेक्षा पूर्ण चूक नाही, आणि तरी आपल्याला ती पूर्ण करायची नाहीये. हे खरं अवघड. इथे "पर्वा सोडा" म्हणजे पळवाट आहे.

शिवाय दुसऱ्यांच्या अपेक्षा टाकून दिल्या की आत रिकामी जागा होते आणि तिथे शांती येऊन बसते असं काही होत नाही, तिथे आपल्या स्वतःच्या अपेक्षा येऊन बसतात. टोरी हिगिन्स ह्यांनी 1987 साली मांडलं होतं की आपण जसे आहोत आणि "असायला पाहिजे" ह्यातलं अंतर माणसाला धास्तावून टाकतं, आणि आपण जसे आहोत आणि आपल्याला "जसं व्हायचं होतं" ह्यातलं अंतर माणसाला खिन्न करतं. मला हे वाचून माझीच अडीच वर्षं आठवली. धास्ती कमी झाली होती हो, खरंच झाली होती, कारण कुणाला जाब द्यायचा नव्हता. पण तिच्या जागी एक जडपणा आला होता, कारण ज्या कामासाठी सगळ्यांना बाजूला सारलं ते काम मी करत नव्हतो, मी फक्त बाजूला सारत होतो. आणि त्यात अजून एक नवीन परीक्षा, की आपल्याला काहीच वाटता कामा नये, आणि वाटलं की नापास, परत स्वतःवरच चिडायचं.

आपल्याकडे ह्या विषयावर जुन्या लोकांनी बराच विचार करून ठेवलाय आणि आपण त्यातली अर्धी ओळ उचलतो असं मला हल्ली फार वाटतं. गीतेच्या बाराव्या अध्यायातलं "तुल्यनिन्दास्तुति" सगळ्यांना आवडतं, निंदा आणि स्तुती सारखीच मानणारा. स्टेटसला टाकायला मस्त आहे. पण ती एक यादी आहे, आणि ती यादी जिथे सुरू होते तिथे पहिले शब्द आहेत कुणाचाही द्वेष न करणारा, मित्रभाव असणारा, करुणा असणारा. निंदास्तुती सारखी वाटणं हे त्यानंतर सहा श्लोकांनी येतं. आपण मधलं सगळं गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो आणि म्हणतो बघा मी स्थितप्रज्ञ.

तसंच उपेक्षा ह्या शब्दाचं. अपेक्षा आणि उपेक्षा, दोन्हीत ईक्षा आहे, म्हणजे बघणं. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, एखाद्याला किंमत न देणं. पण बौद्ध परंपरेत, पालीत, उपेक्खा म्हणजे समतोल मन, आणि ती एकटी येत नाही, मेत्ता म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद, आणि मग उपेक्खा, अशी चौघींची जोडी आहे. आणि बुद्धघोष ह्या बौद्ध भाष्यकाराने तर पाचव्या शतकात बजावून ठेवलंय की उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, जवळचा अशासाठी की दिसायला ती अगदी तशीच दिसते. दीड हजार वर्षांपूर्वी ह्या माणसाने माझा तो दारात बूट घालणारा मित्र पाहिला होता की काय!

ग्रीक तत्त्वज्ञांमध्ये एपिक्टेटसचं नाव ह्या सल्ल्याला सगळ्यात जास्त चिकटवलं जातं, की जे आपल्या हातात नाही ते सोडा. जन्माने गुलाम होता तो, त्यामुळे हातात काय असतं आणि काय नसतं हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळत असणार. पण तोच माणूस असंही सांगून गेलाय की आपली कर्तव्यं आपल्या नात्यांवरून ठरतात, समोर बाप आहे, भाऊ आहे, शेजारी आहे, त्यावरून. समोरचा कसा वागेल ते तुमच्या हातात नाही, तुम्ही कसे वागाल ते आहे. हा दुसरा भाग पोस्टरवर मावत नाही बहुतेक.

मग करायचं काय असं कुणी विचारेल. माझ्याकडे फार काही नाही, एकच गोष्ट आहे जी मला उशिरा कळली. अपेक्षेला "नाही" हे उत्तर असू शकतं, पण ते उत्तर द्यावं लागतं, तोंडाने, समोरच्याला ऐकू जाईल असं. पर्वा सोडणं हे उत्तर न देण्याचंच एक छान नाव आहे. उत्तर न दिलेली अपेक्षा मरत नाही, ती दोन्हीकडे पडून राहते, समोरच्याला वाटतं अजून होईल आणि आपल्याला वाटतं अजून मागतायत. आणि "नाही" म्हटल्यावर समोरचा नाराज होतो तेव्हा ती नाराजी खोलीत असू द्यायची, पटकन मिटवायला जायचं नाही आणि पळायचंही नाही. ही गोष्ट बेफिकीर माणसाला जमतच नाही, कारण नाराजी सहन करायला आधी ती लागावी लागते.

आपण "नाही"ची भीतीही जास्तच घेतो असं दिसतं. जुलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क ह्यांचं 2023 चं संशोधन आहे, आमंत्रण नाकारल्यावर समोरचा किती दुखावेल ह्याचा अंदाज लोक वाढवूनच करतात. अर्थात एका संध्याकाळच्या आमंत्रणाला नाही म्हणणं आणि आयुष्याच्या एखाद्या मोठ्या गोष्टीला नाही म्हणणं ह्यात फरक आहेच, मोठ्या गोष्टीत समोरचा खरंच दुखावतो, अंदाजाएवढाच, कधी जास्त.

माझ्या वडिलांची अपेक्षा होती की त्यांनी उभा केलेला व्यवसाय मी चालवावा. मला वर्षानुवर्षं माहीत होतं आणि वर्षानुवर्षं मी "बघू" म्हणत होतो, मग ती फरक न पडण्याची अडीच वर्षं, त्यात तर "बघू" पण बंद. शेवटी एकदा जाऊन समोर बसलो आणि विचारलं, तुमची नेमकी अपेक्षा काय आहे. त्यांनी सांगितली. मला वाटत होती तीच निघाली, वर अजून एक निघाली जी मला माहीत नव्हती, की निदान विकायची वेळ आली तर कागदपत्रांचं मी बघावं, त्यांना त्यातलं कळत नाही आणि फसवलं जाण्याची भीती वाटते. मी पहिलीला नाही म्हटलं आणि दुसरीला हो. ते चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या चार महिन्यांना मी शांती म्हणणार नाही, मला रोज लागत होतं. पण रात्रीची ती डोक्यातली भांडणं बंद झाली, कारण बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

त्यांना अजून पटलेलं नाही. परवा फोनवर परत विषय निघाला, मी परत नाही म्हटलं, ते म्हणाले तुझी मर्जी, त्यांच्या त्या ठरलेल्या आवाजात. मग बराच वेळ त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत होतो.